शिकलेले मत देत नाहीत आणि गरीब पैसे घेऊन देतात? उत्पन्न, शिक्षण आणि मतदान यावर जरा सविस्तर

प्रश्न असा आहे की माणसाचं उत्पन्न आणि शिक्षण बघून तो मतदान करेल का आणि कुणाला करेल हे सांगता येतं का, आणि त्याच्याच शेपटाला ते नेहमीचं वाक्य जोडलंय की सुशिक्षित सुखवस्तू लोक मतदानाच्या दिवशी लोणावळ्याला जातात आणि झोपडपट्टीवाले पाचशेची नोट घेऊन रांगेत उभे राहतात म्हणून आपलं असं झालंय. मी बरीच वर्षं निवडणुकीनंतरच्या सर्व्हेंचं फील्डचं काम बघतोय, म्हणजे पोरापोरींना ट्रेनिंग देऊन गावोगावी पाठवायचं, आलेले फॉर्म तपासायचे, मग ते बूथनिहाय आकड्यांशी ताडून बघायचे. त्या अनुभवावर लिहितो, लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

थोडक्यात सांगायचं तर संबंध आहे पण सरळ नाही. पैसा आणि शिक्षण यावरून दोन गोष्टी ठरतात, एक म्हणजे सरकारवाचून तुमचं किती अडतं, आणि दुसरी म्हणजे मतदानाच्या दिवशी तुमच्या दारापर्यंत कोण येऊन पोचतं. या दोन गोष्टींवरून मतदान ठरतं. मधला हा दुवा काढून टाकला की मग गरीब असे आणि शिकलेले तसे अशी वाक्यं सुरू होतात आणि ती आकड्यांसमोर टिकत नाहीत.

आकडे बघा ना. २०२४ च्या विधानसभेला राज्यात ६६ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. सगळ्यात कमी कुलाब्यात, साधारण ४४ टक्के, आणि सगळ्यात जास्त कोल्हापूरच्या करवीरमध्ये, जवळजवळ ८५. कुलाबा म्हटलं की लगेच सगळे म्हणतात बघा, श्रीमंत लोक घराबाहेर पडत नाहीत. बरं, मग करवीर काय गरीब आहे का? ऊस, दूध, पाण्याखालची जमीन, दारात ट्रॅक्टर, पोरगं इंजिनीअरिंगला, असा तो सगळा पट्टा आहे. आणि जिल्ह्यांच्या यादीत कोल्हापूरच्या खालोखाल कोण, तर गडचिरोली, ७५ टक्क्यांच्या आसपास! राज्यातल्या सगळ्यात मागास जिल्ह्यांपैकी एक, जंगल, नक्षल भाग, कितीतरी बूथवर मतदानाची टीम हेलिकॉप्टरने न्यावी लागते, वेळ दुपारी तीनलाच संपते, आणि तरीही लोक चालत येऊन मत देतात. म्हणजे यादीच्या वरच्या टोकाला एक बागायती श्रीमंत जिल्हा आणि एक आदिवासी गरीब जिल्हा शेजारी शेजारी बसलेत. उत्पन्नाची पट्टी लावून हे कसं समजावणार?

करवीरचं उत्तर तिथल्या कुठल्याही माणसाला विचारा. तिथे प्रत्येक गावात सेवा सोसायटी आहे, दूध संस्था आहे (एकेका गावात चार चार, प्रत्येक गटाची वेगळी), साखर कारखान्याचं सभासदत्व आहे, गोकुळ दूध संघाची निवडणूक, बँकेची निवडणूक, ग्रामपंचायत, म्हणजे माणूस दर वर्षा-दोन वर्षांनी कुठेतरी मत देतच असतो आणि प्रत्येक वेळी त्याचा गट त्याला मोजत असतो. मतदानाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत कुठल्या घरातलं कोण राहिलंय याची यादी गटाच्या पोराच्या खिशात असते, पुण्यात नोकरीला असलेल्या पोरांना गाडी करून आणतात, आजारी म्हातारीला उचलून नेतात. न गेलात तर उद्या दूध घालायला त्याच डेअरीत जायचंय, तिथे तोंड दाखवायचंय. त्यात २०२४ ला लढत इतकी घासून होती की निकाल दोन हजारांच्या आतल्या मतांनी लागला. गडचिरोलीत ही सहकाराची यंत्रणा नाही, पण तिथे वनहक्काचा पट्टा, रेशन, पोराचा जातीचा दाखला, आश्रमशाळा, रस्ता, सगळं सरकारच्याच हातात आहे, खाजगी पर्याय जवळपास नाहीच. मत हे तिथे सरकारदरबारी आपली नोंद राहण्याचं साधन आहे. दोन्हीकडे कारणं वेगळी आणि परिणाम एकच.

याउलट टॉवरमध्ये राहणाऱ्या माणसाचा विचार करा. पाणी कमी पडलं तर टँकर, वीज गेली तर जनरेटर, शाळा खाजगी, दवाखाना खाजगी, सुरक्षा खाजगी, आणि खाली वॉचमन असल्यामुळे कार्यकर्ता वर येऊच शकत नाही. पक्षाचा पोरगा मतदार चिठ्ठ्यांचा गठ्ठा गेटवर ठेवून निघून जातो. मी कार्यकर्त्यांकडून अनेकदा ऐकलंय की एका टॉवरमध्ये तास घालवून पाच मतं मिळतात, तेवढ्याच वेळात चाळीत पन्नास घरं होतात, मग ते चाळीतच जाणार ना. याला मी उदासीनता म्हणणार नाही, हा दोन्ही बाजूंचा व्यवहार आहे, त्याचं सरकारवाचून अडत नाही आणि पक्षाचं त्याच्यावाचून अडत नाही.

गोव्याचं उदाहरण मला फार आवडतं कारण ते सगळ्या थिअऱ्यांची वाट लावतं. दरडोई उत्पन्नात देशात वरच्या क्रमांकावर, साक्षरता २०११ च्या जनगणनेत ८८ टक्क्यांच्या पुढे, आणि मतदान २०२४ च्या लोकसभेलाही ७५ च्या वर. श्रीमंत, शिकलेले, बीच जवळ, तरी मत देतात! कारण तिथे विधानसभेच्या मतदारसंघात साधारण तीसेक हजारच मतदार असतात, आमदार तुमच्या घरच्या लग्नाला येतो, पाच-सातशे मतांनी निकाल फिरतो. आपल्याकडे महाराष्ट्रात एका आमदारामागे सरासरी सव्वातीन लाखांच्या वर मतदार आहेत. मतदारसंघ लहान असला की एकेका मताला भाव येतो, हे इतकं साधं आहे पण त्यावर कुणी बोलत नाही, सगळे नागरिकांच्या कर्तव्यभावनेवर घसरतात.

आता मुंबईवर जरा जास्त थांबतो कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. २००९ ची लोकसभा आठवा. २६/११ नंतर गेटवेपाशी हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले होते, टीव्हीवर रोज मध्यमवर्ग जागा झाला म्हणून चर्चा, मीरा संन्याल नावाच्या एका मोठ्या परदेशी बँकेच्या इथल्या प्रमुख होत्या त्या दक्षिण मुंबईतून अपक्ष उभ्या राहिल्या. मतदान ३० एप्रिलला गुरुवारी, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन आणि पुढे शनिवार-रविवार. दक्षिण मुंबईत मतदान झालं ४० टक्क्यांच्या आसपास आणि बाईंचं डिपॉझिट गेलं. तेव्हापासून लोणावळ्याची गोष्ट पक्की झाली. पण पाचच वर्षांनी २०१४ ला त्याच मतदारसंघात मतदान ५० च्या वर गेलं. लोक तेच, पगार थोडे वाढलेले, डिग्र्या त्याच. बदललं काय तर यावेळी कुणीतरी जिंकणार, सत्ता बदलणार आणि आपल्या मताने फरक पडणार असं वातावरण होतं आणि पक्षांनी सोसायट्यांमध्ये जाऊन माणसं बाहेर काढली. महापालिकेचंही तसंच, २०१२ ला मुंबईत ४५ टक्क्यांच्या आसपास मतदान, २०१७ ला शिवसेना आणि भाजप वेगवेगळे लढले, प्रत्येक वॉर्डात खरी मारामारी झाली आणि आकडा ५५ वर गेला, सेना ८४ आणि भाजप ८२. स्पर्धा वाढली की टर्नआउट वाढतो, हे मी शिक्षणाच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त खात्रीने सांगेन.

आणि दुसरं, मुंबईतलं कमी मतदान सगळं श्रीमंतांच्या माथी मारणं हे गणितातच बसत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईतले ४० टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहतात. कुलाबा मतदारसंघात कफ परेडचे टॉवर आहेत तशी मच्छीमार नगरसुद्धा आहे, आंबेडकर नगर आहे. धारावीत २०२४ च्या विधानसभेला मतदान पन्नाशीच्या आसपासच होतं, म्हणजे मलबार हिलपेक्षा काही जास्त नव्हतं. मग गरीब भरभरून मत देतात हे कुठे गेलं? तर शहरातला गरीब आणि खेड्यातला गरीब वेगळा असतो. शहरातला बराचसा स्थलांतरित असतो, नाव गावच्या यादीत, किंवा नाव इथे आणि खोली सोडून तो नालासोपाऱ्याला गेलेला, रोजंदारीवाला दिवसाचा पगार बुडवून रांगेत उभा राहील का हाही प्रश्न आहे, भरपगारी सुट्टीचा कायदा आहे पण नाका कामगाराला सुट्टी कोण देणार.

यादीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, टक्केवारी म्हणजे भागाकार आहे आणि भाजकाकडे, म्हणजे यादीतल्या एकूण नावांकडे, कुणी बघत नाही. मुंबईच्या याद्यांमध्ये मयत, मीरा रोड-विरार-बदलापूर-पनवेलला शिफ्ट झालेले, दोन ठिकाणी नावं असलेले असे भरपूर असतात. जुन्या गिरणगावातल्या चाळी पाडून टॉवर झाले, माणसं कुठल्या कुठे गेली, नावं तिथेच. आमची पोरं यादीतून निवडलेल्या माणसाला शोधत जातात तेव्हा मुंबई-पुण्यात दारावर कळतं की हे इथे राहतच नाहीत, खेड्यात असं फार कमी होतं. त्यामुळे मुंबई शहर जिल्ह्यात ५२ टक्के आणि कोल्हापुरात ७६ टक्के यातला काही फरक माणसांचा नसून यादीचा आहे. बिहारमध्ये २०२५ ला मतदार याद्यांची विशेष सखोल पडताळणी झाली, यादी ७ कोटी ८९ लाखांवरून ७ कोटी ४२ लाखांवर आली, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत विक्रमी ६७ टक्क्यांच्या आसपास मतदान. मत देणारे खरोखर वाढले हे आहेच, पण भाजक लहान झाल्याचाही त्यात वाटा आहे, त्या पडताळणीबद्दल कुणाचं मत काहीही असो.

बिहारवरून आठवलं, शिक्षण वाढलं की मतदान वाढतं म्हणणाऱ्यांनी तिथल्या बायकांकडे बघावं. २०११ च्या जनगणनेत तिथली स्त्री साक्षरता पुरुषांपेक्षा वीस टक्क्यांनी कमी, आणि २०२५ ला बायकांचं मतदान ७१ च्या पुढे तर पुरुषांचं ६३ च्या आत. पुरुष दिल्ली-सुरत-पुण्यात कामाला गेलेले, बाई गावात, बचतगटात आणि योजनांच्या यादीत. पण लगेच उलटा निष्कर्ष काढू नका हं, केरळमध्ये २०११ च्या जनगणनेत साक्षरता सगळ्यात जास्त होती आणि मतदानही ७० च्या वर असतं. शिक्षण एकटं काही करत नाही एवढंच म्हणणं आहे.

ही गरीब जास्त मत देतात वाली गोष्ट आली कुठून तर ती खरीच होती, पण एका काळाची. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचा लोकनीती म्हणून निवडणूक अभ्यासाचा कार्यक्रम आहे, आपले पुण्याचे सुहास पळशीकर सर त्यातलं मोठं नाव, त्यांच्या सर्व्हेंमधून १९९० च्या दशकात दिसलं की दलित, ओबीसी, गरीब, ग्रामीण हे वरच्या वर्गापेक्षा जास्त किंवा निदान बरोबरीने मतदान करतायत. योगेंद्र यादवांनी त्याला लोकशाहीचा दुसरा उठाव म्हटलं. जगभरच्या अभ्यासकांना हे नवल वाटलं कारण अमेरिकेत बरोबर उलटं आहे, तिथे डिग्रीवाले आणि पैसेवाले जास्त मत देतात, शाळा सोडलेले कमी. त्याचं एक मोठं कारण नोंदणी. तिथे बऱ्याच राज्यांत नाव नोंदवणं ही तुमची जबाबदारी, घर बदललं की परत फॉर्म, मतदान मंगळवारी आणि देशभर सुट्टी नाही, मग ज्याला कागदपत्रांची सवय आहे आणि कामावरून निघता येतं तोच पोचतो. आपल्याकडे बीएलओ (बूथच्या यादीचं काम बघणारा माणूस), म्हणजे अंगणवाडी ताई नाहीतर शाळेतले गुरुजी, घरी येऊन नाव घेतात, बूथ चालत जाण्याच्या अंतरावर असतं आणि बटणासमोर चिन्ह. १९५१-५२ ला ही व्यवस्था उभी केली तेव्हा बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून सुरुवातच चिन्हांपासून झाली. साक्षर असेल त्यालाच मताचा हक्क द्यावा असं म्हणणारे तेव्हाही होते. डॉ. आंबेडकरांनी तर १९२८ ला सायमन कमिशनसमोरच प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. म्हणजे ही चर्चा शंभरेक वर्षं जुनी आहे, तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल सुरू झालेली नाही. बाकी २०१४ पासून मध्यमवर्गही चांगलाच मत द्यायला लागलाय आणि ती जुनी दरी बरीच बुजलीये.

मत देतात का हे झालं, आता कुणाला देतात. महाराष्ट्रात पूर्वी जनसंघ-भाजपला शेटजी-भटजींचा पक्ष म्हणायचे आणि तेव्हा ते फार खोटं नव्हतं. नंतर वसंतराव भागवतांनी माधव, म्हणजे माळी-धनगर-वंजारी, हे समीकरण बांधलं आणि पक्ष खाली उतरला. लोकनीतीच्या देशपातळीवरच्या आकड्यांत २०१४ ला गरिबांपैकी २४ टक्के आणि वरच्या वर्गातले ३८ टक्के भाजपकडे होते, २०१९ ला गरीब ३६ आणि वरचे ४४. म्हणजे पाच वर्षांत गरिबांमध्ये बारा टक्क्यांची उडी, कारण उज्ज्वला, घरकुल, शौचालय, खात्यात दोन हजार हे सगळं मध्ये येऊन गेलं (आणि पुलवामा-बालाकोटही झालं). श्रीमंतांकडून गरिबांकडे येताना भाजपची मतं कमी होत जातात, तो उतार अजून आहे पण सपाट होत चाललाय. आणि हा उतार वर्गाचा म्हणून वाचायचा की जातीचा म्हणून हे वेगळं काढणं कर्मकठीण, कारण वरच्या उत्पन्नगटात वरच्या जाती जास्त आहेत. एकाच जातीतले गरीब आणि श्रीमंत घेतले तर फरक बराच कमी होतो, पण एकाच उत्पन्नातल्या दोन वेगळ्या जाती घेतल्या तर तो ठणठणीत दिसतो.

शिक्षणाचं तर अजून मजेशीर. महाराष्ट्रातल्या बौद्ध समाजाची साक्षरता २०११ ला ८३ टक्के, राज्याच्या सरासरीपेक्षा थोडी जास्तच. डॉक्टर, इंजिनीअर, अधिकारी सगळे आहेत. पण शिक्षण वाढलं म्हणून हा समाज शहरातल्या इतर शिकलेल्यांसारखं मत द्यायला लागला का? अजिबात नाही. त्यांचं शिक्षणच मुळात चळवळीतून आलंय, त्यामुळे शिकलेला माणूस तिथे राजकारणात जास्त ठाम असतो. पुण्याच्या कोथरूडमध्ये बी.ई. झालेला आणि नागपूरच्या इंदोऱ्यातल्या बौद्ध वस्तीत बी.ई. झालेला यांच्या डिग्रीचा कागद सारखा, मत वेगळं. शिक्षणाने दिशा ठरत नाही, असलेली दिशा घट्ट होते, असं मला तरी इतक्या वर्षांत दिसलंय.

अमेरिकेत उत्पन्न आणि शिक्षण हे आता एकमेकांपासून सुटे झालेत, डिग्री नसलेला पण बरं कमावणारा गोरा माणूस रिपब्लिकनकडे आणि डिग्रीवाला डेमोक्रॅटकडे, २०१६ नंतर तर हे फारच ठळक झालं, पूर्वी जवळपास उलटं होतं. आपल्याकडे असं सुटं होतंय का? थोडं थोडं. दहावी नापास पण वीस एकर द्राक्षबाग असलेला नाशिकचा शेतकरी आणि नेट-सेट-पीएचडी करून तासिका तत्त्वावर शिकवणारा सीएचबी प्राध्यापक हे दोघे शेजारी बसवा, कुणाला श्रीमंत म्हणायचं, कुणाला शिकलेला म्हणायचं, आणि सर्व्हेच्या तक्त्यात त्यांना कुठल्या रकान्यात टाकायचं? त्या सीएचबीवाल्याचा राग हा आपल्या राजकारणात अजून कुणी नीट मोजलेला नाही असं माझं मत आहे.

पण खरी परीक्षा २०२४ ने घेतली. एप्रिल-मे मध्ये झालेल्या लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा, महायुतीला १७. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांच्याच मिळून २३०! सहा महिन्यांत कुणाचं शिक्षण वाढलं का, कुणाची जात बदलली का? उत्पन्न मात्र बदललं, आणि तेही बायकांचं. जुलैपासून लाडकी बहीण सुरू, २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कुटुंबाचं उत्पन्न असलेल्या बाईच्या खात्यात महिना १५००. राज्यात बायकांच्या मतदानाची टक्केवारी २०१९ च्या तुलनेत जवळजवळ सहाने वाढली. लोकसभेला कांदा निर्यातबंदीने नाशिक-दिंडोरी पट्ट्यात भाजपला मारलं होतं, संविधान बदलणार या भीतीने दलित मतं एकगठ्ठा गेली होती, विधानसभेपर्यंत ते दोन्ही थंडावलं, सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खालीच होता तरी विदर्भ-मराठवाड्यात त्याचा लोकसभेइतका फटका बसला नाही. उत्पन्नाची पातळी आणि उत्पन्नातला बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मत दुसऱ्या गोष्टीने जास्त हलतं.

आता यावर शिकलेली मंडळी लगेच म्हणतात की बघा, १५०० रुपयांना विकले गेले. थांबा जरा. फेब्रुवारी २०२५ च्या १ तारखेला बजेटमध्ये १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं, आणि चारच दिवसांनी, ५ तारखेला, पगारदार मध्यमवर्गाने भरलेल्या दिल्लीत मतदान होतं. त्याला कुणी रेवडी म्हणालं नाही, रिलीफ म्हणाले. आपल्याकडे २००५ नंतर लागलेले शिक्षक आणि कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी किती एकगठ्ठा हलतात हे २०२३ च्या विधान परिषद निवडणुकीत नागपूरच्या शिक्षक मतदारसंघाने दाखवलं. एम.ए. बी.एड. झालेला माणूसही पेन्शनकडे बघून मत देतो आणि त्यात काही वावगं नाही, मग पंधराशेवाल्या बाईनेच काय घोडं मारलंय?

रोख पैशाचं विचारलंत तर हो, वाटतात, लक्ष्मीदर्शन होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण फील्डवर दिसतं ते असं की लोक दोन्हीकडून घेतात आणि द्यायचं त्याला देतात. मतदान गुप्त आहे हे सगळ्यांना कळतं, वाटणाऱ्यालाही कळतं. तरी वाटतो कारण न वाटणारा उमेदवार हलका समजला जातो, आणि आपले लोक घरी बसू नयेत म्हणूनही. मध्यमवर्गीय सोसायटीत नोट वाटत नाहीत, तिथे पेव्हर ब्लॉक, गेटवर सीसीटीव्ही, बेंचवर माननीयांच्या नावाची पाटी, पावसाळ्याआधी बिल्डिंगला रंग. सेक्रेटरी त्याची पावती मागत नाही एवढंच.

सुशिक्षित मतदार म्हणजे विचारी मतदार असं ज्यांना वाटतं त्यांनी विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची मतमोजणी एकदा बघावी. फक्त ग्रॅज्युएट मतदार, कागदी मतपत्रिका, पसंतीक्रमाने १, २, ३ आकडे लिहायचे. त्यात हजारोंनी मतं बाद होतात! कुणी टिकमार्क करतं, कुणी सही करतं, कुणी दोघांना १ देतं, कुणी खाली नोकरीच्या मागण्या लिहितं. २०२३ ला अमरावती पदवीधरला विजयाचा फरक साडेतीन हजारांच्या आत आणि बाद मतं आठ हजारांच्या वर होती. तिकडे अशिक्षितांनी भरलेल्या गावात ईव्हीएमचं बटण बरोबर दाबलं जातं. हां, चिन्हाचा घोळ तिथेही होतो, २०२४ ला दिंडोरीत भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला तुतारी चिन्ह मिळालं आणि त्याला एक लाखाच्या वर मतं पडली, निवडून आलेले भगरे सर होते ते तुतारी वाजवणारा माणूस या चिन्हावर. पण एवढी मतं काही सगळी निरक्षरांची नव्हती, घाईत बटण शोधताना डिग्री कामाला येत नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक ओळ. अनिवासी भारतीयांना नाव नोंदवता येतं पण मत द्यायला इथेच बूथवर यावं लागतं. २०२४ ला देशभरात १ लाख १९ हजारांच्या आसपास अशी नावं होती, मत दिलं तीन हजारांच्या आत, आणि त्यातले बहुतेक केरळचे. भावना असून तिकिटाचा खर्च आडवा येतो, त्याला शिक्षण काय करणार.

शेवटी, असले सर्व्हे वाचताना काय बघायचं ते. उत्पन्न कुणी खरं सांगत नाही, शेतकरी कमी सांगतो आणि व्यापारी तर सांगतच नाही, म्हणून आम्ही फ्रीज, दुचाकी, खोल्या किती, घर पक्कं का कच्चं असं विचारून वर्ग ठरवतो. मार्केटिंगवाल्यांच्या एनसीसीएस पद्धतीत घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि घरातल्या वस्तू एकत्र करून ग्रेड देतात, त्यामुळे त्या ग्रेडवरून उत्पन्नाचा परिणाम वेगळा आणि शिक्षणाचा वेगळा असं काही सांगताच येत नाही, तरी टीव्हीवर बिनधास्त सांगतात. मत दिलं का विचारलं की न दिलेलेही हो म्हणतात, आणि शिकलेला माणूस जास्त खोटं बोलतो कारण त्याला लाज जास्त, म्हणून पोरांना सांगितलेलं असतं की आधी बोटावरची शाई बघा. कुणाला दिलं हे तोंडी विचारायचं नाही, डमी मतपत्रिका द्यायची आणि ती त्यांनी डब्यात टाकायची. फोनवरच्या सर्व्हेत यातलं काहीच होत नाही.

आणि एखाद्या भागाचा आकडा घेऊन तो तिथल्या एकेका माणसाच्या माथी मारायचा नाही. अमेरिकेत २००० आणि २००४ ला श्रीमंत राज्यं डेमोक्रॅटकडे होती आणि श्रीमंत माणसं मात्र रिपब्लिकनकडे, दोन्ही एकाच वेळी खरं होतं. आपल्याकडेही उसाच्या पट्ट्याने अमुक पक्षाला मत दिलं म्हणजे तिथल्या उसवाल्याने दिलं असं नसतं, कदाचित ऊसतोड मजुराने आणि गावातल्या दुकानदाराने दिलं असेल.

तुम्हाला स्वतः करून बघायचं असेल तर आपल्या मतदारसंघाचा फॉर्म २० काढा, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर असतो, त्यात बूथनिहाय कुणाला किती मतं पडली ते मिळतं. बहुतेक वेळा स्कॅन केलेली पीडीएफ असते, एक्सेलमध्ये हाताने टाईप करावी लागते, कंटाळवाणं काम आहे. मग बूथ यादीवरून कुठला बूथ कुठल्या सोसायटीचा, कुठला वस्तीचा ते लिहा, एका शाळेत पाच-सहा बूथ असतात तेव्हा खोली क्रमांक नीट बघा नाहीतर टॉवरची मतं वस्तीच्या नावावर जातील. टक्केवारी काढताना पोस्टल मतं वेगळी ठेवा, ती फॉर्मच्या शेवटी असतात आणि कुठल्याच बूथची नसतात. दोन निवडणुकांची तुलना करणार असाल तर मधल्या काळात बूथ फोडलेत का ते बीएलओला विचारून घ्या, १५०० च्या वर मतदार गेले की बूथ फोडायचे, आता ती मर्यादा १२०० केलीये, त्यामुळे जुने क्रमांक नव्याशी जुळणार नाहीत.